टापांखालचं दुखणं

माथेरानला जाणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढं आता ई-रिक्षा आल्या आहेत, तरी पोरंबाळं आणि हौशी पर्यटक अजून घोड्याच्या पाठीवर चढतात. चढण्याआधी घोडा निरखला जातो तो असा: रंग कुठला, उंची किती, चावत तर नाही ना, फोटोत कसा दिसेल. मग भावाची घासाघीस होते आणि रिकिबीत पाय अडकतो. ज्या चार खुरांवर हा सगळा मामला उभा आहे, त्यांच्याकडं कुणी वाकून पाहत नाही.

घोडेवाले मात्र जमिनीकडं बघतात. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसू लागले, तेव्हा त्यांनी हरकत घेतली ती घोडे घसरतात म्हणून. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ साली काँक्रीटच्या ब्लॉकना स्थगिती मिळाली. पाऊस, धूप, धूळ, ई-रिक्षा असे त्या वादाला अनेक पदर आहेत आणि त्यात कुणाचं किती खरं हा या लेखाचा विषय नाही. पण घोड्याच्या पायाखाली काय असावं यावरून एवढी कोर्टकचेरी झालेलं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही.

घोडा लंगडायला लागला की आपल्याकडं पहिला संशय खांद्यावर जातो. खांदा धरला, ऊर भरला, शीर चढली. मग खांद्याला लेप, शेक, मालिश. काही ठिकाणी अजूनही तापल्या लोखंडाचा डाग. पशुवैद्यकाचा अनुभव वेगळं सांगतो. पुढच्या पायानं लंगडणाऱ्या घोड्यात दोष बहुतेक वेळा खुरातच सापडतो. म्हणून जाणता डॉक्टर खांदा कितीही सुजलेला सांगितला तरी आधी पाय उचलायला लावतो. डागणीनं तर खुरातलं दुखणं हटत नाहीच, वर एक नवी जखम होते. ती इतकी ठणकते की जुन्या दुखण्याकडं जनावराचं आणि मालकाचं, दोघांचंही लक्ष राहत नाही. आराम पडला असा जो भास होतो तो त्यामुळं.

खुरातच का, हे समजायला रचना पाहावी लागते. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, मधल्या बोटाच्या टोकावर उभा असतो. आपण ज्याला त्याचा गुडघा समजतो ते पुढच्या पायाचं मनगट आहे. साडेचारशे-पाचशे किलोचं अंग, त्यातला साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर, आणि भरधाव पळताना एकेका पायावर क्षणभर शरीराच्या अडीचपट वजन येतं. हे सारं पेलणारं शेवटचं हाड खुराच्या आत अधांतरी असतं. ते तळव्यावर टेकलेलं नसतं. खुराची भिंत आणि हाड यांच्यात पापुद्र्यांच्या दोन रांगा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि हाड त्या गुंत्यावर लटकतं. एका खुरात असे साडेपाचशे-सहाशे मुख्य पापुद्रे असतात आणि प्रत्येकाला शंभरावर बारीक उपपापुद्रे. तळव्याच्या मधोमध, टाचेकडून पुढं निमुळता होत गेलेला रबरासारखा त्रिकोण असतो. डॉक्टर त्याला फ्रॉग म्हणतात. प्रत्येक पावलाला तो आणि त्याच्या वरची गादी दबते, टाच किंचित फाकते, धक्का जिरतो आणि खुरातलं रक्त वर ढकललं जातं. खुराची भिंत महिन्याला सुमारे सहा ते दहा मिलिमीटर वाढते. केसांच्या रेषेपासून निघालेली भिंत पुढच्या टोकाशी पोचायला नऊ महिने ते वर्ष लागतं. आज केलेल्या चुकीची किंवा उपचाराची पुरती कसोटी पुढच्या दिवाळीला लागणार, असा हा हिशेब आहे.

आता लंगडणं ओळखायचं कसं? उभ्या घोड्याकडं बघून फार कळत नाही. संथ चालीतही पुष्कळ घोडे दुखणं लपवतात. घोडा शिकार होणाऱ्या जातीचा प्राणी आहे. कळपात मागं पडणं म्हणजे लांडग्याच्या तोंडी जाणं, ही भीती त्याच्या रक्तात आहे. म्हणून त्याला कठीण, सपाट जमिनीवर दुडकी चालवतात. दुडकीत कर्णरेषेतले दोन पाय एकदम पडतात, चाल समतोल असते आणि त्यामुळं बिघाड लगेच डोळ्यात भरतो. दोरी सैल हवी. दोरी आखडून धरली की घोड्याला डोकं हलवता येत नाही, आणि सगळी खूण तर डोक्यातच असते. दुखरा पुढचा पाय जमिनीला लागतो तेव्हा घोडा डोकं वर घेतो, त्या पायावरचा भार हलका करायला. चांगला पाय पडतो तेव्हा डोकं खाली येतं. नवखा माणूस इथं हमखास फसतो. डोकं ज्या पायावर खाली जातं तोच पाय दुखरा, असं त्याला वाटतं आणि चांगल्या पायाचा नाल उपटला जातो. मागच्या पायाला डोक्याऐवजी पुठ्ठे बघायचे. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो.

पुढचे दोन्ही पाय दुखत असतील तर डोकं हलतच नाही. घोडा फक्त आखडतो, पावलं बुटकी टाकतो, उतारावर अडतो, वळताना जपून वळतो. मालक म्हणतो, हल्ली आळशी झालाय. सोय बघून काढलेलं हे निदान चाबकानं पक्कं केलं जातं. अशा वेळी घोड्याला गोलात फिरवतात. कठीण जमिनीवर लहान वर्तुळात आतल्या पायाचं दुखणं बहुधा उघडं पडतं. दिशा बदलली की दुसऱ्या पायाचं. कठीण जमिनीवर जास्त आणि मऊ जमिनीवर कमी लंगडत असेल तर संशय खुराकडं वळतो. मऊ वाळूत जास्त त्रास होत असेल तर शिरा-स्नायूंकडं. अमेरिकेतल्या घोडावैद्यांच्या संघटनेनं लंगडण्याला शून्य ते पाच असे अंक ठरवून दिले आहेत. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही, पाच म्हणजे पाय टेकवतच नाही. हे अंक शास्त्रापेक्षा सोयीचे आहेत. दोन डॉक्टरांत एखाद्या अंकाचा फरक पडतोच, पण आठवड्यापूर्वी तीन होता आणि आज दोन आहे, एवढं लिहून ठेवलेलं असलं तरी उपचाराला दिशा मिळते.

चालीनंतर हात लावायचा. खुराच्या वरच्या मोठ्या सांध्याच्या मागं, आतबाहेर दोन्ही बाजूंना, बोटांनी नाडी चाचपता येते. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. खुरात दाह असेल तर बोटाखाली ठणठण उडते. भिंतीवर तळहात ठेवून चारही खुरांची ऊब ताडून बघायची. एकटा एकच गरम लागला तर त्याला अर्थ आहे, उन्हात उभ्या घोड्याचे चारही गरम लागले तर नाही. शांत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. विश्रांतीतही ते साठच्या पुढं गेलेले असतील तर वेदना मोठी आहे. मग खूर कोरून साफ करायचा आणि लांब दांड्याच्या चिमट्यानं तळवा नि भिंत यांमध्ये थोडं थोडं दाबत जायचं. दुखरी जागा आली की घोडा पाय हिसकतो. सगळीकडं हिसकला तर तो भित्रा असेल. त्याच एका जागी तीनदा हिसकला तर ती जागा खरी.

याहून खोल जायचं तर डॉक्टर मज्जातंतू बधिर करतात. पायाच्या मागच्या नसांपाशी, खुराच्या अगदी वर सुई टोचून मागचा भाग बधिर केला आणि दहा-पंधरा मिनिटांत लंगडणारा घोडा सरळ धावू लागला, तर दुखणं त्या बधिर भागात आहे हे सिद्ध झालं. नाही धावला तर वरच्या टप्प्यावर पुन्हा. मला या तपासणीचं मोल एक्स-रेपेक्षा अधिक वाटतं. एक्स-रे हाड कसं आहे ते दाखवतो, दुखतं कुठं ते सांगत नाही; चित्रात बिघडलेलं दिसणारं हाड मुळीच दुखत नसेल असंही होतं. मात्र हाड मोडल्याचा संशय असेल तर बधिर करायचं नसतं. दुखणं न जाणवणारा घोडा मोडक्या पायावर पूर्ण भार टाकतो आणि तडा गेलेल्या हाडाचे तुकडे होतात.

काल ठीक होता आणि आज तीन पायांवर उभा आहे, असा घोडा दिसला की मालकाच्या पोटात गोळा येतो. पाय मोडला वाटतं. पुष्कळदा तो नुसता पू असतो. तळवा आणि भिंत जिथं जुळतात तिथल्या फिक्या रेषेतून खडा किंवा माती आत शिरते, जंतू वाढतात आणि पू साचतो. माणसाला नखाखाली पू झाला की बोट कसं ठणकतं ते आठवावं, आणि त्या नखावर चारशे किलो ठेवावेत. खूर फुगू शकत नाही, म्हणून वेदना एवढी. डॉक्टर चिमट्यानं जागा हेरतो, काळी रेघ धरून सुरीनं बारीक वाट करतो, करडा-काळा घाण वासाचा पू बाहेर येतो आणि घोडा तासाभरात पाय टेकवतो. पशुवैद्यकात इतकं झटपट समाधान क्वचितच मिळतं. वाट मोठी करायचा मोह आवरावा लागतो. मोठं भोक पाडलं तर आतला नाजूक भाग बाहेर डोकावतो आणि आठवड्याचं काम महिन्यावर जातं. नंतर कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून खूर बुडवणं, पोटीस, पट्टी, कोरडी जागा. साध्या गळवाला प्रतिजैविकं सहसा लागत नाहीत. धनुर्वाताची लस मात्र तपासलीच पाहिजे, कारण धनुर्वाताला घोड्याइतकं सहज बळी पडणारं पाळीव जनावर दुसरं नाही. पू काढला नाही तर तो वाट शोधत वर चढतो आणि केसांच्या रेषेपाशी फुटतो.

खिळा रुतला असेल तर गोष्ट वेगळी. हात शिवशिवतात, खिळा उपटून टाकावासा वाटतो. घोडा शांत उभा राहत असेल आणि डॉक्टर जवळ असेल तर तो तसाच ठेवून एक्स-रे काढणं उत्तम, कारण खिळा कुठल्या दिशेनं किती आत गेला हे त्यात दिसतं. फ्रॉगमधून गेलेला खिळा आतल्या छोट्या हाडाच्या पिशवीपर्यंत पोचला असेल तर जिवाशी गाठ असते. उपटावाच लागला तर भोकाची जागा आणि आत गेलेली लांबी टिपून ठेवावी. फ्रॉग नंतर आकसतो आणि भोक सापडत नाही.

पावसाळ्यात खूर सडतात. चिखल, मुताची ओल, दिवसेंदिवस न कोरलेला तळवा. फ्रॉगच्या बाजूच्या खाचांत काळा चिकट स्राव येतो आणि एकदा घेतलेला त्याचा वास विसरता येत नाही. यावरची औषधं बाजारात ढीगभर आहेत. कोरडं ठाण आणि रोज खूर कोरणारा माणूस नसेल तर त्यातलं एकही चालत नाही.

सगळ्यात वाईट दुखणं म्हणजे लॅमिनायटिस. हाडाला लटकवून ठेवणारे पापुद्रे सुजतात, सुटतात. वरून शरीराचा भार आणि मागून जाड स्नायुबंधाची ओढ यांच्यात हाड फिरतं किंवा खाली बसतं. टोक तळव्यातून बाहेर येण्याइतकं. असा घोडा ओळखायला डॉक्टर लागत नाही. पुढचे पाय पुढं ताणलेले, मागचे पोटाखाली घेतलेले, सगळा भार टाचांवर; हलायला सांगितलं तर घाम फुटतो. स्वीडनच्या नील्स ओबेल यांनी १९४८ साली याच्या चार पायऱ्या ठरवल्या. उभ्या जागी आळीपाळीनं पाय उचलणारा घोडा पहिल्या पायरीवर आणि जबरदस्ती केल्याशिवाय न हलणारा चौथ्या. त्या आजही वापरल्या जातात.

याची मुळं पुष्कळदा पायात नसतातच. चंदीच्या पोत्याचं तोंड उघडं राहिलं आणि घोड्यानं रात्रीत ते फस्त केलं, तर आतड्यात आंबून झालेलं विष दोन दिवसांत खुराशी पोचतं. घोडी व्याली आणि तीन तासांत वार पडली नाही तरी हाच धोका. लठ्ठ, मानेवर चरबीची वळकटी असलेल्या घोड्याला इन्सुलिनच्या बिघाडातून हे होतं. आज जगभर याच कारणाचे घोडे सर्वाधिक दिसतात. मंडळी हौसेनं घोड्याला गूळ, बिस्किटं, लाडू चारतात, त्यांना हे कुणी सांगत नाही. आणि एक पाय मोडला म्हणून दुसऱ्यावर दिवसचे दिवस भार आला, तर त्या चांगल्या पायालाही. २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारोचं तेच झालं. दोन आठवड्यांनी प्रीकनेसच्या शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, मोडलेलं हाड जुळत आलं, आणि डाव्या मागच्या खुरात लॅमिनायटिस झाला. २९ जानेवारी २००७ रोजी त्याला मरण द्यावं लागलं. १९७३ ची बेलमाँट शर्यत एकतीस लांबींनी जिंकणारा सेक्रेटेरियटही १९८९ मध्ये याच दुखण्यानं गेला. जगातले सर्वोत्तम डॉक्टर हाताशी होते, पैशाला तोटा नव्हता.

तेव्हा वेळ कुठं मिळते? अगदी सुरुवातीला. पोतं फस्त झाल्याचं कळताक्षणी, लंगडायची वाट न बघता, पायाच्या सांध्यापर्यंत बर्फात खूर ठेवायचे. तासभर नव्हे, दोन-तीन दिवस अखंड. या एका उपायामागं चांगलं संशोधन आहे, आणि बर्फ मासळीबाजारातही मिळतो. खुराक बंद, भिजवून साखर कमी केलेलं वाळलं गवत, खाली जाड मऊ अंथरूण, तळव्याला आधार, दाह कमी करणारं औषध, एक्स-रे आणि त्यावरहुकूम खुराची छाटणी. फिरवलं की रक्त मोकळं होतं, असा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. लॅमिनायटिसच्या घोड्याला फिरवणं म्हणजे सुटत आलेले पापुद्रे ओढून तोडणं.

नालबंदाशिवाय हा विषय पुरा होत नाही. डॉक्टर वर्षाकाठी एकदा येईल, नालबंद चार ते सहा आठवड्यांनी येतो, निदान यायला हवा. त्याच्या हातून घोडा सुधारतो आणि बिघडतोही. चांगला नालबंद आधी घोडा चालवून बघतो, खूर छाटून समतोल करतो, मग नाल तापवून-ठोकून त्या खुराच्या मापाचा करतो. घाईतला नालबंद हाताशी असलेला नाल ठोकतो आणि बाहेर आलेला खूर कानशीनं घासून नालाच्या मापाचा करतो. खिळा फिक्या रेषेच्या आत गेला तर रक्त येतं. रेषेच्या अगदी जवळून गेला तर रक्त येत नाही, पण एक-दोन दिवसांत घोडा लंगडतो. नाल मारल्यावर दुसऱ्या दिवशी लंगडला तर खांदा चोळत बसू नये. एकेक खिळा ठोकून बघावा. खुराचा सगळ्यात रुंद भाग ओलांडून मागं खिळे मारले तर टाच फाकू शकत नाही. आणि पैसे वाचवायला तीन-तीन महिने नाल तसाच ठेवला की टोक लांब होतं, टाच बसते, मागच्या स्नायुबंधावर ताण वाढतो. पुढं नॅव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडाचं जुनाट दुखणं लागतं. ते बरं होत नाही, नाल आणि छाटणी बदलून सांभाळावं लागतं.

एवढ्या नाजूक कामाचं शिक्षण आपल्याकडं बापाकडून मुलाला मिळतं. लष्कराच्या मेरठच्या केंद्रात नालबंद घडवले जातात, रेसकोर्सवर चांगले नालबंद आहेत, ब्रूकसारखी संस्था वीटभट्ट्यांवर गाढवं-खेचरं राबतात तिथं स्थानिक नालबंदांना शिकवते. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून डॉक्टर घडवतंय. लग्नाच्या घोड्याला आणि पर्यटकांच्या तट्टाला नाल मारणारा माणूस मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात बसत नाही. सरकारला घोड्यांसाठी एकच गोष्ट करायची असेल, तर माझ्या मते दवाखान्याच्या इमारतीआधी नालबंदांचा वर्ग काढावा.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथं लाखांचे सौदे होतात आणि चर्चा असते भोवऱ्यांची. कुठला भोवरा शुभ, कुठला अशुभ, पंचकल्याणी आहे का, नाचतो कसा. शुभ भोवऱ्याच्या घोड्याचे खूर किंमत ठरण्याआधी उचलून बघणारे गिऱ्हाईक थोडे. पांढरा खूर काळ्याहून मऊ असतो, असंही तिथं ठामपणे ऐकू येतं. त्याला पुरावा नाही. पाहायचं असेल तर भिंतीवरच्या आडव्या वळ्या पाहाव्यात. टोकाशी दाटलेल्या आणि टाचेकडं फाकत गेलेल्या वळ्या दिसल्या, तर त्या घोड्याला मागच्या वर्षभरात लॅमिनायटिस होऊन गेल्याचा दाट संशय घ्यावा, मग कपाळावर कितीही सुंदर टिळा असो. आणि विकणाऱ्यानं दुडकी दाखवायला नकार दिला तर सौदा तिथंच संपवावा.

बाजारात दुखणं झाकायला सुई असते, आणि ती धंद्याच्या जागीही असते. मोसमात घोडा चार दिवस बसला तर घरात पैसा येत नाही. इंजेक्शन दिलं की तो उद्या उभा राहतो. मालकाला निष्ठुर म्हणणं सोपं आहे. पण दाह शमवणारी ही औषधं जास्त दिली तर घोड्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात, आणि दुखणं मुकं झालेल्या पायावर तो आणखी राबतो. त्यात आपल्या देशाचा एक वेगळा धडा आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकचा अंश मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेला आणि गिधाडं जवळजवळ संपली. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं, २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली. माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक घोड्याला टोचणारा माणूस कायदा मोडतोच, पण गिधाडालाही मारतो. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. तेही डॉक्टरनं ठरवलेल्या मात्रेत, आणि निदान झाल्यावर.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर गेल्या. डांबरावर दिवसभर राबणारे ते खूर गेले याचं दुःख करायचं कारण नाही. माथेरान, महाबळेश्वर, चौपाट्या आणि वरातींमधले घोडे मात्र आहेत, आणि त्यांचं भाडं देणारे आपणच आहोत.

या दिवाळीच्या सुट्टीत घोड्यावर बसणार असाल तर आधी मालकाला म्हणा, घोडा दहा-वीस पावलं दुडकी चालवून दाखवा, दोरी सैल ठेवा. डोकं प्रत्येक पावलाला समान राहतंय का बघा. नाल सैल आहे का, खूर फुटलाय का, तेवढं वाकून बघा. लंगडत असेल तर दुसरा घोडा घ्या, आणि का घेतला ते मालकाला तोंडावर सांगा. लंगड्या घोड्याला गिऱ्हाईक मिळत नाही हे कळलं की त्याला विश्रांती आपोआप मिळेल. आणि चांगल्या पायाच्या, वेळेवर नाल बदललेल्या घोड्याचे मालक पन्नास रुपये जास्त मागत असतील, तर घासाघीस न करता द्या.